मागे उभे आहेत ते कोण?

१

माझं काम सांगायला सोपं आहे, पटवून द्यायला अवघड. एका मोठ्या समाजमाध्यमावर लोक फोटो टाकतात, भांडतात, एकमेकांची उणीदुणी काढतात. त्यांच्यात काही जण मुद्दाम विष कालवायला आलेले असतात. त्यांना हुडकून बाहेर काढायचं, हे माझं काम. आमच्या वहिनी पाहुण्यांना सांगतात, "भावजी दिवसभर लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या वाचतात. वर त्याचा पगारही घेतात."

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडक्यांना काळी फिल्म लावलेली, कारण आमच्या पडद्यांवर केव्हा काय उघडेल याचा नेम नसतो. तक्रार आलेली खाती रांगेने समोर येतात. उघडायचं, वाचायचं, निकाल द्यायचा: ठेवा किंवा काढा. तपासणाऱ्या दोघांचं एकमत झालं नाही की ती माझ्याकडे येतात, म्हणून मला सगळे 'पंच' म्हणतात. शेजारच्या मुलीला 'भिंगरी' म्हणतात, कारण विचार करताना ती खुर्चीवर गरगर फिरते. आमचे वरिष्ठ म्हणजे 'मास्तर'. ते मास्तर कधीच नव्हते, पण बोलतात फळ्यासमोर उभं राहिल्यासारखे.

शिव्या देणाऱ्याला पकडायला अक्कल लागत नाही. खरा बेरकी माणूस गोड बोलतो. दुसऱ्याचं नाव, दुसऱ्याचा चेहरा लावून येतो. अशांना आम्ही तोतये म्हणतो. तोतया ओळखण्यात माझा हात धरणारा आमच्या मजल्यावर कोणी नव्हता, असं मी तरी समजत होतो.

घरी आम्ही चौघं. थोरला भाऊ, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. माझं लग्न राहून गेलं, ते गेलंच. पुतणीला सगळे 'चिमणी' म्हणतात. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे आणि कॉलेजातून आली की माझ्या खोलीत डोकावून ओरडते, "काका, तू आहेस का जिवंत?"

२

ती तक्रार रांगेत आली तेव्हा मी ती जवळजवळ सोडूनच दिली होती.

एका कुटुंबाचा फोटो होता. सायकलींच्या दुकानासमोर सगळे ओळीने उभे, नवीन पाटी लागली म्हणून खूश. मागे एक वयस्कर गृहस्थ, अर्धे दारात. खाली कोणा अनोळखी बाईंनी विचारलं होतं, "मागे उभे आहेत ते कोण?"

घरच्या मुलीने उत्तर दिलं होतं, "अहो, ते आमचे मामा!" पुढे हसरा चेहरा.

त्याखाली त्या बाईंचा एकच शब्द होता. "नक्की?"

बस. पुढे काही नाही. ना शिवी, ना धमकी, ना काही विकणं. तक्रारीत मुलीने लिहिलं होतं, 'या बाईंना थांबवा. आम्हाला घरात त्रास होतोय.'

"एका शब्दाचा कसला त्रास?" भिंगरी म्हणाली.

मी त्या बाईंचं खातं उघडलं. आमची पहिली शंका असते ती खातं पळवलं गेल्याची. तसं काही नव्हतं. खातं जुनं, फोन तोच, घर तेच, शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच. झाडांचे, मांजरीचे, नातवंडांचे फोटो. मग अलीकडे एकदम हा प्रश्न. एका फोटोखाली, दुसऱ्या, तिसऱ्या. सगळीकडे तीच ओळ, सगळीकडे अनोळखी कुटुंबं.

मागे स्क्रोल करत गेलो. या बाईंच्या सुनेने मध्यंतरी घरातला एक फोटो टाकला होता. त्यात या बाई कडेला उभ्या होत्या, सगळ्यांच्या मागे. खाली कोणीतरी विचारलं होतं, "मागे उभ्या आहेत त्या कोण?"

"आमच्या सासूबाई," सुनेने लिहिलं होतं.

"नक्की?"

मी पाण्याची बाटली उघडली आणि न पिताच परत बंद केली.

३

मास्तरांनी ऐकून घेतलं. "प्रश्न विचारणं गुन्हा आहे का?" ते म्हणाले. "नियम कोणता मोडला ते सांग. नाहीतर सोडून दे."

नियम मोडला नव्हता. तरी मी माझ्या अखत्यारीत बाईंचं खातं बंद केलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न दुसऱ्याच खात्यावरून आला. एका निवृत्त ड्रायव्हरचं खातं. तेही खरं, तेही जुनं. ते गृहस्थही कधीतरी कोणाच्या तरी फोटोत मागे उभे होते, आणि त्यांच्याबद्दलही कोणीतरी विचारलं होतं.

भिंगरीने खुर्ची थांबवली. "साथीसारखं आहे हे, पंच. ज्याला लागण झाली तो पुढे देतो."

"टवाळखोरांची टोळी असेल. एकमेकांना कामं वाटून देतात."

"मग सगळ्यांच्या घरचे गप्प का झालेत?"

ते खरं होतं. "नक्की?" या शब्दानंतर त्या घरांतून काही दिवस काहीच येत नसे. मग पुन्हा फोटो सुरू. पुन्हा सगळे हसताना. आणि ज्याच्याबद्दल विचारलं होतं तो माणूस आता मागे नसे. पुढे मधोमध बसलेला असे. सगळे त्याला खेटून.

यात वाईट काय, असं मी स्वतःला विचारलं. उलट म्हाताऱ्या माणसाला मान मिळाला. पण का कोण जाणे, ते फोटो मी फार वेळ बघू शकत नव्हतो.

४

सायकलींचं दुकान मला ठाऊक असलेल्या रस्त्यावर होतं. सुटीच्या दिवशी दुपारी गेलो. असं जायचं नसतं, पण तक्रार आमच्याकडेच आली होती आणि मला नुसतं एकदा बघायचं होतं.

दुकानाशेजारून जिना वर जात होता. खालच्या पायरीवर एक गृहस्थ बसले होते, बूट काढून शेजारी ठेवलेले. मला वाट द्यायला ते जरा सरकले. वर दार उघडलं ते फोटोतल्या मुलीनेच. हात ओले होते. मी खरं काय ते सांगितलं: तुमची तक्रार आली होती, आता काही त्रास आहे का.

"छे, आता सगळं छान आहे," ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. "तेव्हा आम्ही घाबरलो होतो. घरात एक जण राहत होता ना. मामा म्हणून."

"म्हणून?"

"म्हणजे मामाच वाटायचा. त्या बाईंनी विचारलं तेव्हा आम्ही हसलो. पण मग लक्ष जायला लागलं. जेवताना, बोलताना. शेवटी बाबांनी त्याला जुन्या गोष्टी विचारल्या." तिने हात कपड्याला पुसले. "सगळं बरोबर सांगितलं हो त्याने. एकही चूक नाही. तेव्हाच आम्हाला कळलं."

"बरोबर सांगितलं म्हणून कळलं?"

"आमचे मामा विसराळू आहेत." ती समजुतीने हसली, जणू मी जरा मंद होतो. "आता आलेत ना ते घरी. बोलायचंय का? झोपले असतील, पण हाक मारते."

आतल्या खोलीचा पडदा अर्धवट ओढलेला होता. पलंगाचा कोपरा दिसत होता आणि त्यावर सरळ ठेवलेले दोन पाय, मोज्यांसकट. झोपलेल्या माणसाचे पाय जरा तरी कलतात. हे कलले नव्हते.

"नको, राहू दे," मी म्हणालो.

खाली आलो तर ते गृहस्थ अजून पायरीवर. "उघडलं त्यांनी तुम्हाला दार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घरात कोण कोण होतं?"

"तुम्हाला काय करायचंय?" मी जरा चिडूनच म्हणालो.

त्यांनी खाली बघितलं आणि बुटाची नाडी बोटाला गुंडाळत राहिले. रस्ता ओलांडल्यावर माझ्या ध्यानात आलं की हा चेहरा मी पडद्यावर कित्येकदा मोठा करून पाहिला होता. मी वळलोही. पण मग म्हटलं, फसवणुकीचा प्रकार असणार. सारखे दिसणारे दोघे, एकाचा घरावर डोळा. पोलिसांचं काम आहे, आपलं नाही. माणसाला स्वतःची समजूत काढायला फारसं काही लागत नाही.

५

तेवढ्यात आमच्याकडे नवा सोफा आला.

वहिनींनी वर्षभर धोसरा लावला होता. सोफा आला, दादाने आणि मी घामाघूम होऊन तो भिंतीला टेकवून लावला. वहिनींनी त्यावरचं प्लास्टिक काढू दिलं नाही. त्यामुळे बसलं की करकर वाजायचं आणि दादा म्हणायचा, "पाहुणे आल्यासारखं वाटतंय आपल्याच घरात."

"फोटो काढू या!" चिमणी म्हणाली.

"मी काढतो, तुम्ही बसा," मी म्हणालो. गेले काही दिवस मी फोटो टाळत होतो.

"काका, नाटकं करू नकोस. तू बस." तिने फोन समोरच्या फळीवर उभा करून वेळ लावला.

"मग सगळेच बसू या. मागे कोणी उभं राहायचं नाही," मी म्हणालो.

"मागे उभं राहायला जागा आहे कुठे? भिंत आहे," वहिनी म्हणाल्या.

आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो. मी टोकाला, चिमणी माझ्या शेजारी. माझे दोन्ही हात मांडीवर, त्यांच्यावर तिची पिशवी. फोनने टिकटिक केली आणि फोटो निघाला. दुपारचा स्वच्छ उजेड होता. चिमणीने तिथल्या तिथे तो टाकूनही दिला. मला नको म्हणायचं होतं, पण कारण काय सांगणार?

चहा होईपर्यंत ती हसत स्वयंपाकघरात आली. "कोणी येडपट आहे बघ. विचारतंय, मागे उभे आहेत ते कोण? मागे तर कोणीच नाही!"

माझ्या हातातला कप मी ओट्यावर ठेवला. "उत्तर देऊ नकोस."

"दिलं की. भिंत आहे म्हटलं."

"काय म्हणाले?"

"नक्की, असं विचारलं." तिने खांदे उडवले.

वहिनींनी फोन घेतला. चष्मा वर सरकवून बघितलं. मग दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बघतच राहिल्या. गॅसवर चहा उतू गेला, त्यांचं लक्ष नव्हतं.

"हा हात कोणाचा?" त्या म्हणाल्या.

चिमणीच्या खांद्यामागे, सोफ्याच्या पाठीवर चार बोटं होती. त्यांच्यामागे बाहीचा थोडा भाग, आणि मग फोटोची कड. त्यावर काही असलंच तर ते फोटोत आलं नव्हतं.

"सावली आहे," दादा म्हणाला. "उजेडाचा खेळ."

वहिनींनी त्यातल्या करंगळीवर बोट ठेवलं. करंगळी वाकडी होती. माझी करंगळी लहानपणी दारात सापडून वाकडी झालेली आहे आणि इतकी वर्षं माझ्या ताटात वाढणाऱ्या बाईला ती ओळखायला चष्म्याची गरज नव्हती.

"भावजी," त्या हळूच म्हणाल्या, "मागे तुम्ही उभे आहात. मग हे बसलंय ते कोण?"

मी हसलो. खरंच हसलो. हात पुढे केला, करंगळी दाखवली. "हे बघा. हा काय हात."

वहिनी एक पाऊल मागे सरकल्या. माझ्या इतक्या जवळच्या माणसाने माझ्या हाताकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

६

कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं.

वहिनी आधीसारख्याच वाढत होत्या, पण वाढून झालं की चमचा माझ्या ताटाला न लागता परत भांड्यात जाई. मी आंघोळीला गेलो की बाहेर कुजबुज सुरू होई आणि नळ बंद केला की थांबे. मी हेही बघितलं की मी बघायला लागलो होतो. त्यांचे कान, त्यांचे डोळे, पाणी पिताना गळा कसा हलतो. हे पूर्वी असंच होतं का? दिवसभर तोतये शोधणारा माणूस मी, घरी येऊन तेच करत होतो. आणि एकदा तसं बघायला लागलं की कुठलाच माणूस नीटसा ओळखीचा वाटत नाही.

एकदा चिमणी माझ्या खोलीच्या दारात थांबली. "तुमचे कपडे वाळलेत. आईने इथे ठेवायला सांगितलेत."

तुमचे. जन्मल्यापासून तिने मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी कपड्यांकडे बघत राहिलो. मान वर केली तेव्हा ती गेली होती.

संध्याकाळी दादा माझ्या पलंगावर येऊन बसला. बराच वेळ चादरीची सुरकुती हाताने साफ करत होता.

"एक विचारू? लहानपणी आईने मला एकदा कोळशाच्या खोलीत कोंडलं होतं. का, ते आठवतं तुला?"

कशासाठी विचारतोय ते मला कळलं. सायकलींच्या दुकानावरची ती मुलगी आठवली. चुकीचं सांगावं का, असं क्षणभर मनात आलं. पण समोर माझा सख्खा भाऊ बसला होता. त्याच्याशी खोटं कसं बोलणार?

"तू भिंतीवरचं घड्याळ खोललंस आणि माझं नाव सांगितलंस. मी रडलो म्हणून आईला खरं कळलं. तू बाहेर आलास तेव्हा तुझं नाक काळं झालं होतं."

"बरोबर," दादा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "अगदी बरोबर. नाकाचं तर मीही विसरलो होतो." मग तो थांबला. "तुला इतकं पटकन कसं आठवलं?"

"दादा, मी तिथे होतो!"

"असशील," तो म्हणाला.

इतक्या मायेने तो शब्द कोणी कधी उच्चारला नसेल. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवायला उचलला आणि तसाच परत घेतला. "दोन-चार दिवस बाहेर कुठे राहशील का? ही फार घाबरलीय. जरा शांत झालं की मी स्वतः तुला घ्यायला येतो."

मी बॅग भरली. बूट घालताना सोफ्यावर कोणी बसल्यासारखं प्लास्टिक करकरलं. वळून बघितलं नाही. तिघंही तर दारात माझ्यासमोर उभी होती.

७

लॉजची खोली ऑफिसपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. दादाचा फोन आला नाही. मी केला की तो उचलायचा आणि म्हणायचा, "सगळं ठीक आहे, आता सगळं ठीक आहे." दुसऱ्यांदा हे ऐकल्यावर मी फोन करणं थांबवलं.

काम मात्र करत होतो. पडद्यासमोर बसलं की बरं वाटे. निदान तिथे प्रश्न मी विचारत होतो.

एका सकाळी, अकराच्या चहाला सगळे उठले तेव्हा भिंगरी उठली नाही. तिची खुर्ची अगदी स्थिर होती.

"पंच, इकडे या जरा. रागावू नका."

तिच्या रांगेत एका अनोळखी कुटुंबाचा फोटो होता. बागेत बसलेली माणसं, मागे एक काठीवाले आजोबा. खाली प्रश्न होता, तोच. आणि विचारणाऱ्याच्या जागी माझं नाव, माझा फोटो. माझं खातं.

"मी केलेलं नाही हे."

"मला माहितीय. हे आत्ता आलंय, तुम्ही इथे माझ्या शेजारी बसला होतात तेव्हा." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "मी तपासलं. खातं पळवलेलं नाही. तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरून आलंय. तुमच्या खोलीतल्या."

"माझ्या खोलीत कोणी जात नाही."

"घरी कोण आहे आत्ता?"

दादा कामावर, वहिनी शाळेत शिकवायला. चिमणीला परीक्षेची सुटी होती. चिमणी एकटी होती.

मी जागेवरच फोन लावला. भिंगरीने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बराच वेळ रिंग वाजली.

"हॅलो?"

"चिमणे, ऐक. ताबडतोब घराबाहेर पड. काही विचारू नकोस."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी. काका."

पलीकडे पंखा फिरत होता तो ऐकू आला. घराचा आवाज असतो, तो फोनवरसुद्धा ओळखू येतो. आता ती किंचाळेल, असं मला वाटलं. पण तिने फोन नुसता कानापासून दूर धरला आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. आवाजात भीती नव्हती. जुना, लाडावलेला आवाज होता तो, जो मी किती दिवसांत ऐकला नव्हता.

"काका, ये ना बाहेर! तो माणूस आहे फोनवर. तूच बोल त्याच्याशी."

खोलीचं दार उघडलं. सपाता घासत पावलं आली, सावकाश, जेवून उठलेल्या माणसासारखी. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. पलीकडे कोणीतरी श्वास घेतला आणि विचारलं, "बोला. कोण आपण?"

आवाज समजूतदार होता. मी त्याला आवडलो असतो, असं वाटण्यासारखा. भिंगरी टेबलाच्या कडेला घट्ट धरून माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे, कारण आवाज माझा होता आणि माझं तोंड बंद होतं.

मी माझं नाव सांगायला गेलो, आणि ते मला पटकन आठवेना.